इंधनाची बेगमी, घरगुती

स्वयंपाक करणे, पाणी तापविणे आणि घर उबदार व कोरडे राखणे यांसाठी लागणाऱ्या इंधनाची आगाऊ तरतूद. थंड हवेच्या देशांत हिवाळ्यात घर तापविण्याचा खर्च हा या तरतुदीचा मुख्य भाग असतो. महाराष्ट्रात मात्र तिची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके याचे उदाहरण होत.

या भागात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली इ. आदिवासींची व कुणबी शेतकऱ्यांची वस्ती आहे. जून ते सप्टेंबरपर्यंत लाकूड ओले राहत असल्याने सरपण उन्हाळ्यातच गोळा करून पडवीत किंवा घराच्या आडोशाला रचून ठेवतात. मोळ्या आणणे व गोवऱ्या थापणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे असतात. पावसाळ्यात चुलीच्या उबेवर ओले कपडे व घोंगड्याही वाळवितात. उन्हाळ्यातच भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यालाही शेण, पालापाचोळा व फांद्या लागत असल्याने शेत व चूल या दोहोंची गरज एकाच साठ्यातून भागवावी लागते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना सरपण साठविण्यास अवधी मिळत नाही आणि मजुरीचा बराचसा भाग आधी घेतलेली उचल फेडण्यात जातो.

सरपणाची बेगमी श्रमाने होते, गॅसची रोख पैशाने. केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे (१ मे २०१६) गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे अनामत रकमेशिवाय गॅसजोडणी मिळू लागली. सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च मात्र वारंवार येतो. तो हलका करण्यासाठी १४·२ किग्रॅ. सिलिंडरमागे मे २०२२ मध्ये २०० रु. व ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० रु. अनुदान ठरविण्यात आले. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेद्वारे पात्र कुटुंबांसाठी वर्षाला तीन मोफत सिलिंडरांची तरतूद केली. तथापि अनुदान सामान्यतः खरेदीनंतर बँक खात्यात जमा होते. आधी पूर्ण किंमत एकरकमी द्यावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाची अडचण नेमकी येथेच होते. पैसे नसले की सिलिंडर रिकामा राहतो, चूल पुन्हा पेटते आणि तिचा धूर प्रामुख्याने स्त्रिया व लहान मुले यांच्या श्वसनास अपाय करतो.

ही एकरकमी निकड भागविण्यास स्त्रियांचे बचत गट उपयोगी पडू शकतात. १९९२ मध्ये राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) असे गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. गटातील सदस्य ठराविक मुदतीने सारखी रक्कम जमा करतात व त्या निधीतून गरजूस अल्प मुदतीचे कर्ज देतात. मजुरी हाती असताना टाकलेली लहान रक्कम सिलिंडर संपण्याच्या वेळी अशा रीतीने कामी येते. पाच किग्रॅ. चा सिलिंडर घेतल्यास एका वेळी द्यावयाची रक्कमही कमी होते. मात्र बचतीचे हप्ते मजुरीच्या हंगामाशी जुळणारे असावे लागतात. ज्या महिन्यांत घरात धान्यच अपुरे असते, त्या महिन्यांत इंधनासाठी पैसा बाजूला पडत नाही.