पाण्याची मोटार घेताना : किंमत पाहावी की भरवसा?



सुरू लागणी आटोपत आल्या आणि ऊन तापू लागले की नव्या मोटारीची खरेदी सुरू होते. गटात फिरताना बहुतेक जण एकच विचारतात, "साहेब, स्वस्तात कुठली मिळेल?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मोटार केवढ्याला पडली हे खरेदीच्या दिवशी कळत नाही. ते दोन-तीन उन्हाळे गेल्यावर कळते.

साधा हिशेब मांडू. सरीने पाणी देताना एका पाळीला साडेसात सेंटिमीटर पाणी धरले, तर एकरी सुमारे ३ लाख लिटर लागते. सेकंदाला १० लिटर फेकणारी मोटार एक एकर साधारण साडेआठ तासांत भिजवते. तीच मोटार ८ लिटरच फेकू लागली, तर साडेदहा तास लागतात. लाईट रोज आठ तास मिळाली, तर पाच एकरांची पाळी पहिलीने सव्वापाच दिवसांत उरकते. दुसरीला साडेसहा दिवस लागतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाळी द्यायची, त्यात एक दिवस फेज गेली की शेवटची सरी वाळलीच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये मोफत वीज योजना आणली, म्हणून काही जण म्हणतात, "बिलच नाही, मग मोटार कशी का असेना!" बिल नसले तरी लाईटचे तास मोजकेच असतात. कमी पाणी फेकणारी मोटार ते तास खाते.

आता बिघाडाचे पाहू. समजा, स्वस्त मोटारीत सात हजार रुपये वाचले. ऐन एप्रिलमध्ये ती जळाली आणि दुरुस्तीला वीस दिवस गेले, म्हणजे दोन पाळ्या चुकल्या. एकरी दोनच टन घट धरली, तरी पाच एकरांत दहा टन ऊस गेला. टनाला तीन हजार धरले तर तीस हजार रुपये झाले! शिवाय वायंडिंगचा खर्च आणि मजुरी वेगळीच.

म्हणून मोटार कुठे बसणार हे आधी पाहावे. विहिरीच्या काठावरचा मोनोब्लॉक तासाभरात खोलून गाडीवर टाकता येतो. बोअरमधली सबमर्सिबल काढायची तर सगळे पाईप उपसावे लागतात. माणसे, कप्पी, दिवस सगळे मोडते. तेव्हा बोअरसाठी चार पैसे जास्त गेले तरी भरवशाचीच घ्यावी. चर उपसायला किंवा वर्षातून आठवडाभर लागणारी जादा मोटार स्वस्तातली घेतली तर बिघडत नाही.

भरवसा ओळखायचा कसा? आयएसआय चिन्ह आणि त्यावरील क्रमांक पाहावा. सबमर्सिबल संचासाठी आयएस ८०३४, विहिरीतल्या ओपनवेल सबमर्सिबलसाठी आयएस १४२२० आणि मोनोब्लॉकसाठी आयएस ९०७९. वायंडिंग तांब्याचे की ॲल्युमिनियमचे हे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. फक्त अश्वशक्ती पाहू नये. आपल्या पाण्याच्या उंचीला सेकंदाला किती लिटर मिळतील, ते पत्रकात पाहावे. शेवटी आपल्या मेस्त्रीला विचारावे, "हिचे बुश, इंपेलर तालुक्याला मिळतात का?" सुटा भाग पुण्या-मुंबईहून यायचा असेल, तर ती मोटार फुकटातही महाग!

वॉरंटीची गोष्ट नीट समजून घ्या. पुष्कळ कार्डांवर "बसविल्यापासून १२ महिने किंवा कंपनीतून निघाल्यापासून १८ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते" असे असते. दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या नगाची सहा महिनेच वॉरंटी उरते. म्हणून प्लेटवरील उत्पादनाचा महिना वाचावा. कमी व्होल्टेज, एक फेज जाणे, कोरडे चालणे यांमुळे जळालेली मोटार बहुधा वॉरंटीत बसत नाही, आणि आपल्याकडे मोटारी जळतात त्या मुख्यत्वे याच कारणांनी! तेव्हा ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर असलेला स्टार्टर सोबतच घ्यावा. हे संरक्षण नसताना ऑटो स्विच लावून झोपणे म्हणजे मोटार दैवावर सोडणे होय.

पक्के बिल घ्यावे, त्यावर मोटारीचा नंबर असावा आणि कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख असावी. बिनबिलाची मोटार स्वस्त वाटते, पण तक्रारीच्या वेळी हातात काहीच राहत नाही. वॉरंटीतली मोटार गावच्या मेस्त्रीकडून खोलू नये, आधी कंपनीच्या सेवा केंद्राला कळवावे. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी फी नाही.

महाग ते सगळेच चांगले असेही नाही. जाहिरातीचा खर्चही किमतीत असतो. मधल्या किमतीची, तालुक्यात सेवा असलेली आणि शेजारच्या दोन-तीन विहिरींवर चार उन्हाळे टिकलेली मोटार हीच बहुतेकांना परवडते. खरेदीआधी गटाच्या शेतकी मदतनिसाला विहिरीची खोली, पाईपची लांबी आणि क्षेत्र सांगा. किती अश्वशक्ती लागेल याचा हिशेब तो करून देईल. हे काम मार्च उजाडण्यापूर्वी उरकावे, कारण मोटार जळाल्यावर घाईत केलेल्या खरेदीत ना किंमत पाहिली जाते ना भरवसा.

— ऊस विकास अधिकारी