पॉपाय खलाशी आणि मराठी वेताळ

पोराच्या दप्तरात चित्रकथा सापडली की आम्हां शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. लहानपणी माझ्याही हातची एक वर्गात जप्त झाली होती. नाशिकरोडच्या रद्दीवाल्याकडून आणलेला तो ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा जुना अंक. आज त्याची वकिली करतो.

चित्रकथांची पुस्तकं पुष्कळदा वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांतून जन्मली. अमेरिकेत सेगर नावाच्या चित्रकाराची अशी एक मालिका १९१९ पासून चाले. तीत १७ जानेवारी १९२९ रोजी पॉपाय हा एकाक्ष खलाशी आला. एका सफरीपुरता घेतलेला गडी तो. पण वाचक त्याला सोडीनात. हळूहळू मालिकाच त्याची झाली. पालक खाऊन बळ येण्याची गंमत तर मागाहून आली. १९३८ मध्ये सेगर वारला. पुढे १९४८ पासून त्याचाच मदतनीस सॅगेनडॉर्फ याने पॉपायची स्वतंत्र पुस्तकं रंगवली.

पण पॉपायची निम्मी गंमत त्याच्या मोडक्यातोडक्या खलाशी बोलीत आहे. ती दुसऱ्या भाषेत आणणं अवघड. आपल्याकडे घरचा झाला तो १९३६ साली जन्मलेला, ली फॉक यांचा ‘फँटम’. त्याचीही कथा समुद्रावरच सुरू होते, बरं का! चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून एकजण किनाऱ्याला लागतो. त्याच्या वंशात बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून लोक त्याला अमर समजतात.

१९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईहून ‘इंद्रजाल’ सुरू केलं. फँटम म्हणजे भूत; मराठीत तो ‘वेताळ’ झाला. आता पाहा, गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला वेताळ आपल्या ओळखीचाच. भुतांचा राजा खरा, पण गावाचा राखणदार! नाव असं चपखल बसलं की परका माणूस परका राहत नाही. ‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडलं, पण वेताळ अजून आठवणीत आहे.

तेव्हा गुरुजी, बाई, पुढल्या वेळी पुस्तक हिसकावू नका. चित्रांतले संवाद कागदाने झाका आणि पोराला सांगा, “तुझ्या घरच्या बोलीत हे लिही पाहू.” धड्यापाशी अडखळणारं पोर इथे कदाचित भराभर लिहू लागेल.