पाकीट डोळा मारतंय

दुपारचे दोन. चाकणचा शनिवारचा बाजार ओसरत चाललाय. पत्र्याच्या शेडखाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक काचेचं काउंटर आणि त्यामागे विशीतला पोरगा. चार्जरची पिन बदलून घ्यायला मी उभा आहे.

माझ्या आधी एक आजी आहेत. पाटी रिकामी झालीय, तळाला मेथीच्या दोनच जुड्या उरल्यात. आजी कमरेची पिशवी सोडतात, तिच्यातून प्लास्टिकची पिशवी काढतात, तिचं रबर सोडवतात. आत बटनांचा फोन. त्याच्याबरोबर चिठ्ठ्यांचा एक जाड गठ्ठाही बाहेर येतो.

"बघ रं पोरा, ह्ये पाकीट सारखं डोळा मारतंय. आठ दिस झालं. उघडलं तर आत नवं कायबी न्हाय."

काड्यापेटीएवढा पडदा. वरच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं पाकीट. दिसतं, विझतं, दिसतं. मी मनात म्हणतो, नवा मेसेज असणार, आजींना उघडता येत नसेल.

पोरगा हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली न ठेवताच सांगतो, "फुल्ल झालाय आजी."

"कोन?"

"मेसेजचा डबा. पाकीट गप उभं असलं तर नवा मेसेज आलाय. असं लुकलुकायला लागलं की आत जागा न्हाय. मेसेज दारात ताटकळलेत."

म्हणजे चूक माझीही. 'आला' आणि 'येता येत नाही' या दोन उलट्या गोष्टींना एकच चित्र, फरक फक्त उघडझापीचा. हे ठरवणाऱ्याच्या घरी बहुधा आजी नसावी.

आजींच्या कपाळावरची आठी मात्र सुटते. "तरीच! मंगळवारी गॅसवाला टाकी परत घेऊन गेला. चार आकडी नंबर सांगा म्हनला. आलाच न्हाय तर काय सांगू, माझ्या लग्नाची तारीख?"

"जुने पुसतो थोडे." पोरगा बटन दाबायला जातो आणि आजींचा हात त्याच्या अंगठ्यावर पडतो. मेथीनं बोटं हिरवी झालीत.

"पुसायचं न्हाय. पावत्या हायेत त्या."

पोरगा माझ्याकडे बघून हसतो. मला हसू येत नाही. गठ्ठ्यात वरच सोसायटीची पावती दिसतेय, घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टीनं जोडलेली. ज्या बाईनं आयुष्यभर कचेरीत 'कागद दाखवा' हेच ऐकलं, तिला मेसेज पुस म्हणणं म्हणजे सातबारा चुलीत घाल म्हणण्यासारखंच.

पोरगा एकेक मेसेज उघडून दाखवतो. लाडक्या बहिणीचे 1500. शेतकरी सन्मानचे 2000. मध्येच रिचार्ज संपत आल्याचा इशारा, चार वेळा. कॉलर ट्यून लावा. लॉटरी लागली. मग एक मराठीतला, तीन तुकड्यांत आलेला.

"ह्यानंच जागा खाल्ली," तो म्हणतो. इंग्रजी मेसेजात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70च. मजकूर लांबला की एकाच्या जागी दोन-तीन येतात. आपल्या भाषेत कळवावं, तर डबा लवकर भरतो.

"आता ह्यो बघ." आजी स्वतःच बटन दाबत एका मेसेजवर थांबतात. आवाज उतरतो. "लाईट तोडनार म्हनत्यात. रात्री साडेनऊला. नातीनं वाचून दाखवला."

"कुठून आलाय? वर नाव हाय का नंबर?"

वर दहा आकडी मोबाइल नंबर आहे.

"मंग खोटा. वीजवाला कुना पोराच्या नंबरावरनं धमकी देतोय होय? ह्यांना फोन लावायचा न्हाय. पैसे गेलेच, तर लगेच 1930ला फोन करून तक्रार."

मग तो चार्जरच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडतो आणि पेनानं चार अक्षरं काढतो. 2025पासून कंपन्यांच्या आणि सरकारच्या मेसेजांवर पाठवणाऱ्याच्या नावाला शेवटी एक इंग्रजी अक्षर लागतं. हे मला पेपरात वाचून ठाऊक होतं, पण असं शिकवता येईल हे सुचलं नसतं.

"इंग्रजी येत नसूं दे, आकार वळखायचा. काठीला वर पोट आलंय, ती जाहिरात. बिनधास्त पुसा. खांबावर आडवी फळी, तो पैशाच्या व्यवहाराचा, नाहीतर ओटीपीचा. ओटीपी कुनाला सांगायचा न्हाय. नागमोडी असला तर तुम्ही घेतलेल्या सेवेचा. आन् हा वाकडा, शेवटी आत वळलेला, तो सरकारचा."

आजी पुठ्ठा डोळ्यांजवळ धरतात. "ह्यो तर इळा हाय."

"इळाच. इळा म्हंजे सरकार."

"आन् पोटवाली जाहिरात," आजी स्वतःशीच घोकतात. पुठ्ठा गठ्ठ्यात जातो.

पुसण्याबाबत शेवटी तोडगा निघतो, आजींच्या अटीवर. पोट आलेले सगळे पुसायचे. पैशांचे आधी कागदावर उतरवायचे, तारीख आणि रक्कम घालून, मग पुसायचे. पोरगा वैतागतो, पण लिहितो. पाठकोऱ्या बिलावर अकरा ओळी होतात. माझी पिन तशीच पडलीय. घाई मलाही नाही.

जागा होते आणि फोन काउंटरवर थरथरायला लागतो. टूं. टूं. टूं. काचेवरून सरकत सरकत तो कडेपर्यंत येतो, आजी झेलतात. दारात ताटकळलेले सहा मेसेज एकदम आत शिरलेत. त्यातला एक गॅसचा. चार दिवसांपूर्वीचा. चार आकडे.

"ह्यो मंगळवारचा?"

"हां. त्योच."

"आता काय उपेग," म्हणत आजी पदराच्या गाठीतून वीसची नोट काढतात. पोरगा दहा परत करतो. फोन, पुठ्ठा, नवी चिठ्ठी, सगळं पिशवीत जातं. रबराचे दोन वेढे बसतात.

चार पावलं जाऊन आजी थांबतात. वेढे पुन्हा सुटतात. कोपरा कोरा आहे.

"आरं पोरा, पाकीट कुठं गेलं? बिघडिवलास काय फोन?"