पारपटलाचा शंकु

डोळ्याच्या काळ्या भागावर, घड्याळाच्या कांचेप्रमाणें, एक पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. मध्यभागीं त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कांहींच्या डोळ्यांतील हा पडदा पातळ होऊं लागतो आणि शंकूप्रमाणें पुढें येतो. हाच केराटोकोनस नांवाचा विकार होय.

घरांतील वडील मंडळींच्या ध्यानांत येतें तें इतकेंच, कीं मुलाच्या चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो आहे. फार वाचनाचा हा परिणाम, अशी समजूत करून घेऊन नवा चष्मा आणला जातो. परंतु या विकारांत दृष्टि सुधारणें आणि विकार थांबविणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें विसरतां कामा नये.

चष्मा पुरेनासा झाला म्हणजे कठीण कॉन्टॅक्ट लेन्स देतात. लेन्स व पारपटल यांमधील पोकळींत अश्रू भरतात, वेडावांकडा पृष्ठभाग झांकला जातो आणि स्वच्छ दिसूं लागतें. तथापि लेन्सखालीं विकार वाढतच राहूं शकतो.

तो थांबविण्याचा उपाय जर्मनींतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनीं शोधून काढला. रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. मूळ पद्धतींत पारपटलावरील पातळ त्वचा काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब घालतात व नंतर अर्धा तास अतिनील प्रकाश सोडतात. खिळखिळ्या बाजेस आडव्या पट्ट्या ठोकाव्या, त्याप्रमाणें आंतील तंतू एकमेकांस जखडले जातात. गेलेली दृष्टि यानें पूर्ण परत येत नाहीं, चष्माही बहुधा सुटत नाहीं. उरलेली दृष्टि मात्र बहुतेकांची राखली जाते. शिवाय या मूळ पद्धतीस पडद्याची जाडी निदान ४०० मायक्रॉन असावी लागते. म्हणूनच वेळ दवडणें घातक.

पडदा फारच पातळ झाला व त्यावर वण पडला, तर बहुधा पारपटलाचें रोपणच करावें लागतें. एडुआर्ड झिर्म यांनीं १९०५ सालीं, आजच्या चेक देशांतील ओलोमोउत्स येथें, माणसावरील पहिलें यशस्वी रोपण केलें. आतां पुष्कळदां आंतला निरोगी थर तसाच ठेवून वरचे थरच बदलतात. परंतु तो पडदा कोणाच्या तरी मरणोत्तर नेत्रदानांतूनच मिळतो.

एक उपाय मात्र घरचाच आहे. डोळे चोळण्यानें हा विकार बळावण्याचा संभव असतो. ती सवय मोडावी, खाज असल्यास तिचा इलाज करावा. आणि नंबर सारखा बदलत असेल, तर चष्म्याच्या दुकानाआधीं नेत्रवैद्याकडे जाऊन पारपटलाचा नकाशा काढून घ्यावा.