पट्टीवरचा हिशेब आणि वहीतलं गणित

पिंपळनेरच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव सुरू झाला की भाव ठरायला वेळ लागत नाही. व्यापारी 'साडेतेवीसशे' म्हणतो आणि ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यात आकडे फिरू लागतात. माल 18 क्विंटल. वीस क्विंटलचे 47 हजार, त्यातून दोन क्विंटलचे 4,700 काढले की 42,300. हमाली-तोलाई कापून हातात किती पडतील, तेही त्याच दमात ठरतं. त्याच घरातला सातवीतला मुलगा शाळेच्या वहीत 2,350 गुणिले 18 मांडतो, दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवायला विसरतो आणि 21,150 लिहून पुढच्या उदाहरणाकडे जातो. उत्तर निम्म्यावर आलं, हे त्याला खटकतही नाही.

साक्री तालुक्याच्या या पश्चिम भागात घरोघरी हिशेब चालतो: कांद्याचा, दुधाचा, मजुरीचा, पांझरेच्या पाटपाण्याचा. गणिताच्या सरावाला इतकं साहित्य शहरातल्या मुलाला सहसा मिळत नाही. पण पाचवी ते आठवीच्या मुलांच्या गणिताबद्दल काही समजुती इतक्या घट्ट बसल्या आहेत की हे साहित्य वापरलंच जात नाही. त्या एकेक करून तपासायला हव्यात.

'दुकानावर बसतो, त्याला गणित येतंच'

ही समजूत सगळ्यांत जुनी, आणि ती मोडणारा पुरावा आता भक्कम आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी 1,436 मुलं त्यांनी तपासली. वेगवेगळ्या भावांच्या दोन वस्तू, अर्धवट वजन, सुटे पैसे, हे सगळं ही मुलं जवळजवळ बिनचूक करत होती. तोंडी सांगितलेलं बाजाराचं काल्पनिक उदाहरणही त्यांना जमलं. पण तेवढंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीनं, नुसत्या आकड्यांत समोर ठेवलं की ती अडकली.

याच अभ्यासाचा दुसरा भाग पालकांनी जास्त लक्ष देऊन वाचावा असा आहे. बाजारात काम न करणारी, जवळच्या शाळांतली 471 मुलंही तपासली होती. नुसत्या आकड्यांची सोपी उदाहरणं त्यांना बरी येत होती. मात्र बाजारातलं जे उदाहरण काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी सोडवलं, ते यांच्यापैकी फक्त एक टक्का मुलांना जमलं. त्याआधी 1985 साली प्रसिद्ध झालेल्या, ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांवरच्या छोट्या अभ्यासातही विक्रीत जमणारा हिशेब शाळेच्या पद्धतीत अडकताना दिसला होता.

म्हणजे एका बाजूचं शिक्षण आपोआप दुसऱ्या बाजूला जात नाही. बाजारातला हिशेब येतो म्हणून शाळेत निर्धास्त राहता येत नाही, आणि परीक्षेत 90 गुण आले म्हणून मूल बाजारात फसणार नाही असंही नाही. याचा अर्थ मुलांना कामाला जुंपावं असा कुणी काढू नये. कामापायी शाळा सुटणं हे नुकसानच आहे. अर्थ इतकाच की तोंडी केलेला हिशेब वहीत मांडायला आणि वहीतलं उदाहरण घरच्या व्यवहारात लावायला मुलाला मुद्दाम शिकवावं लागतं. वडिलांनी डोक्यात जे केलं ते मुलाकडून असं लिहून घ्यावं: 2,350 × 18 = 2,350 × 20 − 2,350 × 2. शाळेतला वितरण गुणधर्म तो हाच. नाव माहीत नसताना तो पिढ्यान्‌पिढ्या बाजारात वापरला जातो.

'भाव वाढला म्हणजे फायदा झाला'

शेकडेवारी मुलं पाचवी-सहावीपासून शिकतात आणि तरीही मोठेपणी तिथेच सर्वाधिक चुका करतात. कारण टक्का कशाचा, हा प्रश्न विचारायची सवय लागलेली नसते.

कांदाचाळीचं उदाहरण घेऊ. आकडे सरावासाठी धरलेले आहेत. एप्रिलमध्ये 100 क्विंटल उन्हाळ कांदा आहे आणि भाव 1,500 रुपये. तेव्हाच विकला तर दीड लाख. चाळीत ठेवला, चार महिन्यांत सड, कोंब आणि वजनातली घट मिळून 30 टक्के माल गेला, आणि भाव 2,000 झाला. भाव तर 33 टक्क्यांनी वाढला, घट 30 टक्केच. मूल पटकन सांगेल, तीन टक्के फायदा. प्रत्यक्षात 70 क्विंटल गुणिले 2,000 म्हणजे 1,40,000. दहा हजारांचा तोटा, चाळीचा खर्च वेगळाच.

30 टक्के घट भरून काढायला भाव किती वाढायला हवा? 70 क्विंटलमधून दीड लाख यायचे तर क्विंटलला सुमारे 2,143 रुपये पडायला हवेत, म्हणजे जवळजवळ 43 टक्के वाढ. घट 100 वर मोजली जाते आणि भरपाई उरलेल्या 70 वर. हे एकदा कळलं की पुढची अनेक कोडी सुटतात. भाव 50 टक्के चढून 50 टक्के उतरला तर तो मूळ जागी येत नाही: 2,000 चे 3,000 होतात आणि मग 1,500. कपड्यांच्या दुकानात '50 टक्के आणि त्यावर 20 टक्के सूट' अशी पाटी असते, ती 70 टक्के सूट नव्हे. हजाराचे पाचशे, पाचशेतून शंभर कमी, राहिले चारशे. सूट 60 टक्के.

माझ्या मते सातवी-आठवीच्या मुलाला या एका विषयावर महिनाभर घोळवलं तरी ते वाया जाणार नाही. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या 2023 च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना अशीच व्यवहारातली कामं दिली होती. निदान वजाबाकी येणाऱ्यांपैकी साधारण 37 टक्क्यांनाच सूट काढता आली, आणि कर्जाची परतफेड मोजणं सुमारे दहा टक्क्यांनाच जमलं.

'शेकडा दोन म्हणजे दोन टक्के, फार नाही'

गावात सावकारी किंवा हातउसन्या पैशाचा दर 'शेकडा दोन' असा सांगतात. तो महिन्याचा असतो, आणि महिना हा भाग बोलताना गळून जातो. मूल शाळेत द.सा.द.शे. शिकलेलं असतं, म्हणजे दर साल दर शेकडा. ते शेकडा दोन ऐकून वर्षाचे दोन टक्के धरतं. दहा हजारांचं वर्षाचं व्याज त्याच्या हिशेबानं 200 रुपये, खरं 2,400. म्हणजे द.सा.द.शे. 24. किसान क्रेडिट कार्डावरचं तीन लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज सात टक्क्यांनी मिळतं आणि वेळेवर फेडलं तर त्यातही तीन टक्क्यांची सवलत असते. दोन्ही दर एकाच मापात आणल्याशिवाय त्यांची तुलना होत नाही. दर महिन्याचं व्याज न देता मुद्दलात मिळवत गेलं तर दहा हजारांचे वर्षअखेर 12,682 होतात. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतला फरक तो इतका.

हा दरमहा शेकड्याचा हिशेब खानदेशाला नवा नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' 1150 सालची. तिच्या सुरुवातीलाच नाणी, वजनं आणि लांबीची कोष्टकं येतात: वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे गणिताआधी बाजाराची मापं. पुढे पंचराशिकाच्या उदाहरणात दरमहा शंभरावर पाच व्याज असताना सोळांवर वर्षाचं व्याज विचारलं आहे. उत्तर 9.6. तिथे महिना स्पष्ट सांगितलेला आहे. मुलांना व्याजाचं कोणतंही उदाहरण घालताना पहिला प्रश्न हाच विचारायला लावावा: कितीवर आणि किती दिवसांचं?

'टिंबाच्या पुढे आकडा मोठा, तर संख्या मोठी'

0.40 आणि 0.8 यांत मोठी संख्या कोणती? पाचवी-सहावीतली बरीच मुलं 0.40 म्हणतात, कारण 40 हे 8 पेक्षा मोठे. घरातला सातबारा काढा. क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेलं असतं, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. 0.40 हेक्टर म्हणजे 40 आर, 0.8 हेक्टर म्हणजे 80 आर. एक हेक्टर पाच आर हे 1.05 होतात. 1.5 लिहिलं तर कागदावर 45 आर जमीन वाढली. आरची कल्पना येत नसेल तर गुंठा आठवावा: 33 फूट बाजूचा चौरस, 1,089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. आर 100 चौरस मीटरचा. दोन्ही जवळजवळ सारखेच. शाळेच्या मैदानावर चुन्यानं 33 फुटांचा चौरस आखावा, मग 66 फुटांचा. बाजू दुप्पट केली की दोन गुंठे होतील असं मुलं म्हणतात. आत लहान चौरस मांडले की चार बसतात.

टिंब दिसलं की दशांश, असंही नाही. क्रिकेटच्या फलकावर 4.3 षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचार षटकं. 36 धावा झाल्या असतील तर धावगती 36 भागिले 4.5, बरोबर आठ. घड्याळाचंही तेच: सव्वा तास म्हणजे 1.25 तास, पण 1 तास 15 मिनिटं.

मोजपट्टीबद्दलही एक आकडा पाहण्यासारखा आहे. 'असर'च्या त्याच पाहणीत वस्तू शून्यापासून ठेवली असताना सुमारे 85 टक्के मुलांना लांबी मोजता आली. वस्तू पुढे सरकवून ठेवली की हे प्रमाण 39 टक्क्यांवर आलं. शेवटचा आकडा वाचणं म्हणजे मोजणं नव्हे. शून्याकडचं टोक तुटलेली पट्टी घरात असेल तर ती टाकून देऊ नका, सरावाला तीच चांगली.

'कमी भाव आणि जास्त भाव यांचा मध्य म्हणजे सरासरी'

बाजारभावाच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. पहिल्या दोघांची बेरीज करून निम्मी केली की तिसरा मिळतो, असा मुलांचा समज असतो. 40 क्विंटल कांदा 1,500 ने गेला आणि दहा क्विंटल 2,500 ने, तर मध्य 2,000 येतो. पण एकूण पैसे 85,000, माल 50 क्विंटल, म्हणजे सरासरी 1,700. चांगल्या भावाचा माल किती होता, हे पाहिल्याशिवाय सरासरी सांगताच येत नाही.

'मोबाईल आहे, पाढे कशाला?'

आणि याच्या उलट, 'पाढे पाठ आहेत, मग झालं.' दोन्ही अपुरं. पाढे हवेतच, आणि जुने पावकी, निमकी, सवायकी, दिडकीही यावेत, कारण बाजार अजून सव्वादोनशे, पावणेदोन हजार, अडीच किलो याच भाषेत बोलतो. पण पाढ्यांचा खरा उपयोग अंदाजासाठी आहे. 2,350 गुणिले 18 म्हणजे 50 हजारांच्या आत, पण 40 च्या वर, हे ज्याला आधी सांगता येतं त्याला मोबाईलवर चुकून दाबलेलं शून्यही पकडता येतं. म्हणून आधी अंदाज लिहायचा, मग उत्तर काढायचं, हा क्रम मोडू देऊ नये.

'एका प्रकारची वीस गणितं सोडवली की तो प्रकार पक्का'

व्याजाचं प्रकरण शिकवलं की गृहपाठाला व्याजाचीच वीस उदाहरणं. मूल पहिल्या दोनात रीत पकडतं आणि उरलेली अठरा न वाचता सोडवतं. कोणती रीत कुठे लावायची हा निर्णय त्याला एकदाही घ्यावा लागत नाही, आणि व्यवहारात तोच निर्णय अवघड असतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सातवीच्या 54 वर्गांवर झालेला एक प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्गांनी काही महिने एकाच प्रकारच्या उदाहरणांचा सराव केला, काहींनी वेगवेगळ्या प्रकारांच्या मिसळलेल्या उदाहरणांचा. महिन्याभरानं न सांगता घेतलेल्या परीक्षेत मिसळून सराव केलेल्यांना सरासरी 61 टक्के गुण पडले, बाकीच्यांना 38.

अशी मिसळ घरच्या एका कांदापट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबपावतीतून, तयार होते. 1,845 किलोचे क्विंटल किती? पट्टीवरच्या भावानं एकूण रक्कम किती? कापलेली हमाली-तोलाई एकूण रकमेच्या किती टक्के? दोन पट्ट्या मिळून सरासरी भाव काय पडला? आणि एक प्रश्न असा हवा ज्यात प्रमाण लागतच नाही: एका चाळीतला कांदा वाळायला आठ दिवस लागले, तर तशाच तीन चाळींतला एकाच वेळी वाळायला किती दिवस लागतील? चोवीस म्हणणारं मूल त्रैराशिकाची रीत शिकलं आहे, ती कुठे लावू नये हे अजून शिकायचं आहे. प्रश्न घरच्या अहिराणी किंवा कोकणी बोलीत विचारला तरी चालेल, उत्तर मात्र चिन्हांसह वहीत हवं.

असा सराव आठवड्यातून दोन-तीनदा, वीस-पंचवीस मिनिटं पुरतो. पहिले काही आठवडे मुलाचा वेग कमी होईल आणि चुका वाढतील, कारण प्रत्येक प्रश्न आधी ओळखावा लागतो. ते पाहून पुन्हा एकाच प्रकारच्या वीस गणितांकडे वळू नये.