उष्णतावाहक द्रवाची निवड

भाताच्या कोंड्याचे तेल खाण्यायोग्य करण्यासाठी त्याचा उग्र वास घालवावा लागतो. त्याकरिता ते निर्वात टाकीत सुमारे २३० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. ही उष्णता टाकीतील नळ्यांमधून फिरणाऱ्या द्रवाने किंवा वाफेने मिळते. २५० अंशांच्या वाफेस हवेच्या दाबाच्या सुमारे ४० पट दाब लागतो व त्यासाठी भक्कम बॉयलर हवा. म्हणून कमी दाबावर तापणारे द्रव सोयीचे वाटतात. परंतु नळीस छिद्र पडल्यास आतील द्रव तेलात उतरतो, हे विसरता कामा नये.

१९६८ साली पश्चिम जपानात असेच घडले. पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हा विषारी द्रव कोंड्याच्या तेलात गळला. शुद्धीकरणात निघालेले दुय्यम तेल खाद्यात मिसळल्याने प्रथम सुमारे ४ लाख कोंबड्या मेल्या. पुढे खाद्यतेलामुळे माणसेही आजारी पडली. १९७९ मध्ये तैवानात हेच पुन्हा घडले.

तेव्हा सहकारी तेल गिरणीने यंत्रसामग्री घेताना प्रथम हे विचारावे, की द्रव गळल्यास काय होईल? वाफेची व्यवस्था महाग पडली, तरी तिच्या गळतीतून पाणीच येते. अन्य द्रव वापरावयाचा असल्यास त्याच्या टाकीतील पातळी रोज नोंदवावी. ती विनाकारण घटल्यास काम तत्काळ थांबवावे. तपासणी होईपर्यंत ते तेल विकू नये व कोंबड्यांच्या खाद्यातही घालू नये.