एका संगीत नाटकामागची माणसे

दिवाळी सरली, धानाची कापणी-मळणी उरकली, की आपल्या बल्लारपूर-चंद्रपूरपासून थेट गडचिरोली, भंडारा, गोंदियापर्यंतच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट नाही तर मंडई, आणि रात्री नाटक. पाव्हणेरावळे येतात, घरोघरी गर्दी होते, आणि थंडीत घोंगडी पांघरून सारे गाव उजाडेपर्यंत मांडवात बसते. नाटकाची पत्रके आठ-पंधरा दिवस आधीच चौकात, पानठेल्यावर लागलेली असतात. त्या पत्रकावर नाटकाचे नाव सर्वांत मोठे असते. नट-नट्यांची नावे त्याच्या खाली. पेटीवर कोण, तबल्यावर कोण, पडदे कोणाचे, ही नावे अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. तिथपर्यंत आपली नजर फारशी जात नाही.

आज त्या तळाच्या नावांपर्यंत जायचे आहे. गाण्याबजावण्याचे नाटक एकट्या गवयाचे नसते. ते लिहिणारा एक, त्याला चाली लावणारा दुसरा, गाणारे-बोलणारे दहा, साथ करणारे चार, आणि सर्वांच्या पोटाची काळजी वाहणारा कंपनीचा मालक. पडदा पडल्यावर या माणसांचे पुढे काय झाले? नाटकाने त्यांना काय दिले, आणि त्यांच्याकडून काय घेतले? हे पाहायला एकच नाटक धरू. ते म्हणजे ‘संगीत मानापमान’. याच्यामागच्या माणसांची हकीकत नीट नोंदलेली आहे, आणि प्रत्येकाची वाट निराळी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. मराठी संगीत नाटकाला खरे रूप दिले ते अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी. त्यांनी काही काळ शिक्षकी केली, सरकारी नोकरीही केली. १८८० साली पुण्यात त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यापूर्वीच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधाराकडे असे. इथे पात्रेच आपापली पदे म्हणू लागली. १८८५ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेब वारले. परंतु त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी चालत राहिली. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक मोठे फिरते घरच म्हणा ना! बिऱ्हाड एक, पंगत एक, गावोगावचा मुक्काम एक. मालकाचे खाते बुडाले, तर साऱ्यांचीच चूल बंद.

याच मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला. कथा सोपी आहे. भामिनी ही श्रीमंताची मुलगी. वडिलांनी तिच्यासाठी धैर्यधर हा शूर सेनापती निवडला. पण तो गरीब म्हणून ती त्याचा अपमान करते. मग मानी धैर्यधरही तिला झिडकारतो. पुढे ती साध्या वेशात त्याच्या छावणीत जाते, त्याचे शौर्य आणि सच्चेपणा डोळ्यांनी पाहते, आणि तिचे मन पालटते. पैशाचा तोरा मिरवणारा भित्रा लक्ष्मीधर आहे, तो लोकांना पोट धरून हसवतो. पैसा मोठा की कर्तृत्व, हा प्रश्न त्या काळी घरोघरी होता. आज तो नाही, असे कोण म्हणेल?

नाटक लिहिले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी. हे गृहस्थ सांगलीचे. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त त्यांनी काम केले. त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकात प्रेक्षकांना कीचकाच्या जागी गव्हर्नर-जनरल कर्झन दिसू लागला, आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. लगेच पुढच्या वर्षी ‘मानापमान’ आले. खाडिलकरांचे हे पहिले संगीत नाटक. त्यानंतर ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ अशी नाटके त्यांनी दिली. पण ते केवळ नाटककार होऊन बसले नाहीत. १९२३ साली त्यांनी ‘नवाकाळ’ हे दैनिक काढले, आणि १९२९ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. ते वारले १९४८ साली, देश स्वतंत्र झाल्यानंतर. लेखणी एकच, ती वर्तमानपत्रातही चालली आणि रंगभूमीवरही.

पदांना चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. कोल्हापूरचे हे पेटीवादक त्या वेळी तिशीच्याही आत होते. थोर गवई भास्करबुवा बखले यांना ते पेटीची साथ करीत. टेंब्यांनी केले काय, तर उत्तर हिंदुस्थानातल्या ठुमरी, कजरी अशा गाण्यांच्या चाली उचलून त्या मराठी पदांना बसवल्या. लोकांना त्या एकदम नव्या आणि गोड वाटल्या. उत्तरेच्या मैफलीतली चाल अशी महाराष्ट्राच्या ओटीवर, माजघरात आली. चाल लावणारा म्हणजे नुसता साथीदार नव्हे. नाटकाचा अर्धा जीव त्याच्या बोटांत असतो, हे टेंब्यांनी दाखवून दिले.

भामिनीची भूमिका होती नारायण श्रीपाद राजहंस यांची, म्हणजेच बालगंधर्वांची. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्व तेव्हा बावीस वर्षांचे होते. पहिल्या प्रयोगाच्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. घरात ही अवस्था, आणि तिकडे थिएटर प्रेक्षकांनी भरलेले. बालगंधर्वांनी प्रयोग थांबवू दिला नाही; ते रंगून उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. हा मोठेपणा की निष्ठुरपणा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. पण फिरत्या घराचे अन्न प्रयोगावर अवलंबून होते, हे विसरून चालणार नाही.

पहिला धैर्यधर झाले नानासाहेब जोगळेकर. दुर्दैव असे, की त्याच वर्षी, १९११ मध्येच, ते निवर्तले. लक्ष्मीधर होते गणपतराव बोडस. हे मुख्यतः गद्य भूमिकांचे आणि विनोदाचे नट. गाणाऱ्यांच्या नाटकात न गाणारा माणूसही तितकाच लोकप्रिय होऊ शकतो, याचे ते उदाहरण. त्यांनी आपली हकीकत ‘माझी भूमिका’ या पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून त्या दिवसांची पुष्कळ माहिती आपल्याला आज मिळते.

१९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांत टेंबे आणि बोडस हेही भागीदारीतून निघाले. मागे राहिले बालगंधर्व आणि त्यांचा सढळ हात. खरे भरजरी शालू, उंची अत्तरे, उत्तमोत्तम साथीदार. तिकिटे भराभर खपत होती, तरी कर्ज वाढतच गेले. रंगभूमीवर वैभव आणि वहीखात्यात कर्ज, असा हा संसार.

त्या साथीदारांत एक नाव होते उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे. पुष्कळ वर्षे ते गंधर्व मंडळीत तबला वाजवीत. सारंगीवर कादरबक्ष होते. थिरकवाखाँ पुढे रामपूर दरबारात गेले, लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थी घडवले, आणि १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आज तबला शिकणारा प्रत्येक मुलगा त्यांचे नाव कान पकडून घेतो. पाहा, पत्रकाच्या तळाशी असलेले नाव कुठवर जाऊ शकते ते!

आता १९२१ सालाकडे येऊ. कोल्हापूरचे केशवराव भोसले हे ललितकलादर्श मंडळीचे मालक आणि बुलंद आवाजाचे गायक नट. बालगंधर्वांचे ते मोठे प्रतिस्पर्धी समजले जात. महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर हाक दिली होती. तेव्हा ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत या दोन्ही कंपन्यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. उत्पन्न फंडाला. दोन प्रतिस्पर्धी एका रंगभूमीवर उभे राहिले, आणि स्पर्धा विसरून दोघांनी नाटक वर नेले. लोकांनी त्या रात्रीच्या आठवणी पुढे नातवंडांना सांगितल्या. पण तीन महिने लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस. त्यांची मंडळी मात्र बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सावरली, आणि त्यांच्यामागे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी दीर्घकाळ चालवली.

यानंतर बोलपट आला. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निघाला. त्यात राजा हरिश्चंद्र कोण झाले? आपले गोविंदराव टेंबे! संगीतही त्यांचेच. ज्या बोलपटाने नाटकाची थिएटरे रिकामी केली, त्याच्या दारात ‘मानापमान’चा चालीकार पहिल्या रांगेत उभा होता. बालगंधर्वांनीही १९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथांचे काम केले; पण त्यांचा जीव रंगभूमीवरच. ते परत नाटकाकडे आले. दिवस पालटले होते, प्रेक्षक पांगला होता, आणि स्त्री-भूमिका आता स्त्रियाच करू लागल्या होत्या. उतारवयात त्यांचे पाय अधू झाले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, आणि १५ जुलै १९६७ रोजी त्यांनी देह ठेवला. सन्मान मिळाला खरा, पण तो सुबत्तेच्या दिवसांत नव्हे.

नाटक मात्र जगले. मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधराला आपल्या तेजस्वी गायकीचा निराळा बाज दिला. त्यानंतरच्या पिढ्यांनीही पदे जिवंत ठेवली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ या नावाचा चित्रपट निघाला. म्हणजे एकशे चौदा वर्षे ही कथा हातोहात पुढे आली आहे.

आता तुम्ही म्हणाल, पुण्या-मुंबईच्या या गोष्टींचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. बल्लारशाह स्टेशनावर गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसा. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करीत गाडी वडशाला पोहोचते. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी नाटकांची पेठ. गावोगावचे लोक इथे येऊन नाटक ठरवतात, बयाणा देतात. दंडारीची परंपरा असलेल्या या मुलखाला गाण्यावाचून नाटक गोड लागत नाही. म्हणून वाद्यवाले आजही रंगमंचाशेजारी प्रत्यक्ष बसतात. फिरत्या कंपनीचा तो संसार महाराष्ट्रात इतरत्र बव्हंशी मोडला, तो आपल्याकडे अजून उभा आहे.

आणि जोखीमही तशीच उभी आहे. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. बाकीचे महिने शेती नाही तर मजुरी. २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि पटाभोवतीची जत्राच मोडली. ती परवानगी २०२१ च्या अखेरीस परत मिळाली. मधल्या काळात, २०२० साली, करोनाच्या साथीने मांडवच बंद पडले. तेव्हा पत्रकाच्या वरच्या नावांना जसा फटका बसला, तसाच तळाच्या नावांनाही. पेटीवाला, तबलेवाला, रंगभूषा करणारा, पडदे ओढणारा, यांना हंगाम गेला म्हणजे वर्ष गेले.

तरी या मातीचे चीज होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्याचे परशुराम खुणे यांनी झाडीपट्टीत हजारो प्रयोग केले, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बालगंधर्वांच्या पद्मभूषणाला जेवढे मोल, तेवढेच गावच्या मांडवातून वर आलेल्या या सन्मानालाही आहे.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. ‘मानापमान’ची माणसे आपल्याला माहीत आहेत, कारण बोडसांनी आणि टेंब्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. झाडीपट्टीच्या कलावंतांचे तेवढे लेखन झालेले नाही. तेव्हा या हंगामात शाळेतल्या मुलांकडून एक काम करून घ्यावे. गावात लागलेले प्रत्येक पत्रक तारीख घालून जपून ठेवावे. गावातल्या जुन्या नटाकडे, पेटीवाल्याकडे मुलांना वही घेऊन पाठवावे. त्यांनी कोणत्या नाटकात काय काम केले, चाल कोणाकडून शिकली, हंगाम संपल्यावर घर कशावर चालले, हे विचारून, त्यांची परवानगी घेऊन, उतरवून घ्यावे. याला पैसा लागत नाही, एक वही पुरते. आणि श्रोतेहो, तुम्ही मांडवात बसाल तेव्हा पडदा उघडण्यापूर्वी पत्रक तळापर्यंत वाचा. चांगली साथ झाली, तर सकाळी घरी परतण्याआधी त्या तबलेवाल्याला नावाने हाक मारून तसे सांगा.